चौतीस सेंटांचा गुडघा

बर्ल टिडमोर तिसरा पाव पांढऱ्या रश्श्यात बुडवत होता, तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

चर्चच्या तळघरात आम्ही बावीस पुरुष बसलो होतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुरुषांची न्याहारी असते. अंडी, सॉसेज, मक्याची पेज आणि तोंडी लावायला बर्लच्या गप्पा. बावीस फोन एकाच सेकंदाला पत्र्याच्या टेबलांवर थरथरले की मोहोळ उठल्यासारखा आवाज होतो. आम्ही दचकलो नाही. हा आवाज ओळखीचा होता. प्रार्थनेची साखळी होती: एकाने विनंती पाठवायची, सगळ्यांनी प्रार्थना करायची.

मेसेज माझ्या थोरल्या बहिणीचा, आर्डिथचा होता.

"टॅवारिससाठी प्रार्थना करा. उजवा गुडघा. काल सरावात मुरगळला, सकाळी कलिंगडाएवढा सुजलाय. डॉक्टर सुई देणार आहेत. पोर हट्टाला पेटलंय, खेळणारच म्हणतं. हे आपल्यातच राहू द्या."

टॅवारिस गुडलो हा ओपल फोर्क विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा कणा. वय वीस. चेंडू त्याच्या हातात असला की बाकीचे चौघे शहाण्यासारखे खेळायचे, नसला की शेळ्यांसारखे. त्याच दुपारी एक वाजता आमच्याच हॉलमध्ये अंतिम सामना होता. जिंकलो असतो तर एकवीस वर्षांनी देशाच्या मोठ्या स्पर्धेत गेलो असतो. आणि माझी बहीण त्या संघाचे घोटे, गुडघे, बोटं चिकटपट्टीने बांधायची. एकोणतीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही.

आमचे पास्टर, ब्रदर हॉइट, उभे राहिले. "बंधूंनो, माना खाली घाला."

बावीस माना खाली गेल्या.

"हे दयाळू पित्या," ब्रदर हॉइटनी सुरुवात केली.

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. माझे उघडे होते, कारण माझा फोन मांडीवर होता. मग मला दिसलं की समोरच्या ओळीत सगळ्यांच्याच मांड्यांवर उजेड आहे. चेहरे खालून निळे पडलेत. अंगठे हलतायत. खत विकणारा, शाळेचा मुख्याध्यापक, शेरीफचे दोन शिपाई, थडगी खणणारा म्हातारा ऑर्व्हिल. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. डोळे मिटलेला माणूस त्या खोलीत एकच होता, आणि तो प्रार्थना म्हणत होता.

मी ते पाहिलं आणि थिजलो. थिजलो म्हणजे माझा अंगठा थांबला असं मात्र नाही.

आमच्या अलाबामात सामन्यावर पैसे लावणं गुन्हा आहे. लॉटरीसुद्धा नाही. लॉटरी येऊ नये म्हणून आम्ही याच तळघरात, याच टेबलांवर बसून सह्या गोळा केल्या होत्या, आणि पेनं बर्लने आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून फुकट दिली होती. मग फोनवर हा बाजार आला. इथे म्हणे पैज नसते, ट्रेडिंग असतं. एकेका सामन्याचा शेअर. 'ओपल फोर्क जिंकेल', होय किंवा नाही. जिंकलं तर 'होय'वाल्याला एक डॉलर, हरलं तर 'नाही'वाल्याला. तोवर लोक हे शेअर एकमेकांना विकत बसतात. 'होय'चा भाव साठ सेंट असेल तर समजायचं, जगाला वाटतंय की शंभरात साठ वेळा तुम्ही जिंकाल.

ब्रदर हॉइटनी एकदा विचारलं होतं, "बर्ल, हा जुगार नव्हे ना रे?"

"छे हो ब्रदर! कापसाचा वायदा असतो ना, तसंच. माझ्या आजोबांनी जन्मभर कापसाचे वायदे केले. त्यांच्या नावाची खिडकी आहे तुमच्या चर्चला. त्यांना कोणी जुगारी म्हटलं?"

खिडकी खरंच आहे. रंगीत काचेची. 

त्या सकाळी आमचा भाव त्रेसष्ट होता. माझ्याकडे चाळीस 'होय' होते, आठवडाभर आधी गावाच्या अभिमानापोटी घेतलेले. 'दयाळू पित्या' संपायच्या आत मी ते साठने विकले. तिथे थांबलो असतो तर स्वतःला काहीतरी सांगता आलं असतं. नुकसान टाळलं, इतकंच. पण मी थांबलो नाही. मी 'नाही' विकत घेतले. म्हणजे आपलं गाव हरावं, त्या पोराचा पाय अर्ध्यात द्यावा, यावर माझे पैसे लागले. तेव्हा ब्रदर हॉइट म्हणत होते, "त्याच्या पायांत बळ दे."

प्रार्थना अडीच मिनिटं चालली. आमेन म्हटलं तेव्हा भाव एकोणपन्नास होता.

"आमेन," बर्ल म्हणाला. त्याने फोन उलटा ठेवला आणि माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला. "काय गार्विन, बळ मिळेल ना पोराला?"

"मिळेल की."

"मिळणारच. पाव घेऊन जा चार. आर्डिथला दे. बिचारी सकाळपासून उपाशी असेल."

मी पाव घेतले.

सव्वानऊला भाव चौतीसवर आला. तो एवढा आम्ही पाडला नव्हता. आम्ही फक्त धक्का दिला. शनिवारी सकाळी या बाजारात माणसं कमी असतात, दहावीस जणांनी एकदम विकलं तरी भाव घसरतो. आणि घसरला की देशभरातले टपून बसलेले विचारतात, का घसरला? कारण न कळताच तेही विकतात.

*

माझ्या आईच्या वेळी साखळी टेलिफोनवर चालायची. प्रत्येकाने पुढच्या एकाला फोन करायचा. आई सातवी होती, तिने आठव्या बाईला सांगायचं. एकदा कोणाचं अपेंडिक्स पहिल्या घरून निघालं ते शेवटच्या घरी पोचेपर्यंत कॅन्सर झालं होतं, आणि ते धडधाकट माणूस दाराशी उभं राहिल्यावर शेवटच्या घरची बाई बेशुद्ध पडली. आम्ही वर्षानुवर्षं हसलो त्यावर. पण साखळीत सांगितलेलं साखळीबाहेर गेलं, असं कधी झालं नाही. कोणाच्या नवऱ्याचा हात उठतो, कोणाची मुलगी कुठे पोटुशी आहे, सगळं त्या तारेतून गेलं आणि तिथेच राहिलं. साखळीत सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं आमच्यात साठ वर्षं मानलं गेलं.

ज्यांना तेवढाही भरवसा नसतो त्यांच्यासाठी आमच्यात एक सोय आहे. रविवारी पास्टर विचारतात, "कोणाची काही विनंती?" तेव्हा नुसता हात वर करायचा आणि म्हणायचं, "मनातली." मग कोणी काही विचारत नाही. सगळे त्या न सांगितलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करतात.

आर्डिथला हे अजिबात आवडायचं नाही. "मनातली म्हणे! देवाला कळलेलंच असतं, मग माणसांना कळलं तर काय बिघडतं? नाव घेऊन मागा की." तिने जन्मात कधी 'मनातली' म्हटलं नाही. तिचा नवरा गेला तेव्हाही ती उभी राहून म्हणाली होती, "मला त्याचा राग येतोय मेल्यावरसुद्धा, तो जावा म्हणून प्रार्थना करा."

अशी बाई. आदल्या संध्याकाळी टॅवारिसने तिला सांगितलं होतं, "बाई, कुणाला बोलू नका हं. आजीलासुद्धा नाही." ती म्हणाली होती, "माझ्या तोंडून? वेडा आहेस का!" आणि सकाळी तिने ते त्रेचाळीस जणांना पाठवलं. तिच्या लेखी तिने शब्द मोडलाच नव्हता.

*

मी विद्यापीठाच्या हॉलचा बॉयलर आणि हवेची यंत्रं सांभाळतो. सामन्याला मी पूर्वेच्या दारापाशी उभा असतो. तिथून आमचा बाक दहा पावलांवर.

टॅवारिस पळत आत आला आणि हॉल उठून उभा राहिला. सुईने काम केलं होतं. लंगडणं नाही, काही नाही. बर्ल चौथ्या ओळीत, अंगात लाल शर्ट, सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. खिशात 'नाही' आणि तोंडात जयजयकार.  मी यंत्राच्या दारावरचा धूळ बसलेला फलक पुसत राहिलो.

समोरचा संघ कॅलव्हर्टचा. त्यांचा अकरा नंबर चेंडू घेऊन आला आणि टॅवारिसच्या उजव्या अंगाने घुसला. दोन गुण. पुढच्या वेळी पुन्हा उजव्या अंगाने. पुन्हा. पुन्हा. डावीकडे वाट मोकळी असताना तो वळून उजवीकडे यायचा. टॅवारिसला प्रत्येक वेळी उजव्या पायावर भार देऊन सरकावं लागायचं.

संघ आठवडाभर दुसऱ्याची जुनी चित्रणं बघून तयारी करतात. कुठल्याही चित्रणात हा गुडघा नव्हता. तो काल संध्याकाळी दुखावला होता, बंद दाराआड. मग यांना कसं कळलं?

मला कळत होतं कसं कळलं. भाव त्यांनीही पाहिला होता. ओपल फोर्कचा भाव अर्ध्या तासात अर्धा का होतो? ओपल फोर्कमध्ये मोडण्यासारखं एकच माणूस आहे. पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी चाचपून पाहिलं असणार, कोणता पाय. पुढची बत्तीस मिनिटं ते त्या पायावर बसले.

मध्यंतरानंतर अकरा नंबर बोलायला लागला.

"काय चौतीस, दमलास का?"

टॅवारिसच्या पाठीवर तीन आकडा आहे. "तीन आहे रे, आंधळ्या. दिसत नाही का?"

"नाही नाही. तू चौतीस. घरून निघालास तेव्हा चौतीस होतास." त्यांचा बाक खदखदून हसला.

आमच्या बाकावर आर्डिथने मान वर केली. ती त्या पोराकडे बघत राहिली, मग टॅवारिसच्या पाठीकडे. तिला काहीच समजलं नव्हतं. टॅवारिस सोडला तर सबंध हॉलमध्ये बहुतेक ती एकटीच होती जिला समजलं नव्हतं.

सहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो. हे मी मुद्दाम सांगतोय. त्या पोराने एका पायावर आम्हाला चार गुणांनी पुढे ठेवलं होतं. अकरा नंबर पुन्हा उजवीकडून आला, टॅवारिसने पाय रोवला, आणि तो खाली बसला. पडला नाही. जेवायला बसावं तसा बसला. फक्त गुडघा त्याच्याबरोबर गेला नाही.

हॉलमध्ये आठ हजार माणसं होती आणि जमिनीवर घरंगळणाऱ्या चेंडूचा आवाज मला ऐकू येत होता.

आर्डिथ पळाली. अठ्ठावन्न वर्षांची, कंबरेत दुखणं असलेली बाई पोरीसारखी पळाली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडत नव्हता. तो तिला काहीतरी विचारत होता, तेच तेच, आणि ती मान हलवत होती.

आम्ही सात गुणांनी हरलो. भोंगा वाजला, आणि माझ्या खिशात फोन थरथरला.

"अभिनंदन, गार्विन! तुमचं भाकीत खरं ठरलं."

मी वर पाहिलं. चौथ्या ओळीत बर्लचा हात खिशाकडे गेला. त्याच्या मागे मुख्याध्यापकांचा. मग त्या सबंध लाल भिंतीत इथे एक हात, तिथे एक हात. चेहरे सगळ्यांचे सुतकी.

*

ती सहाच्या सुमारास इस्पितळातून घरी आली. मी तिच्या स्वयंपाकघरात कोंबडी आणि भाजी गरम करून ठेवली होती. तिने हात धुतले, पण चिकटपट्टीचा डिंक अंगठ्यावरून निघत नाही, काळाच राहतो. ती बसली. ताटाकडे बघितलंही नाही.

"गार्विन, चौतीस म्हणजे काय रे?"

"कोण म्हणालं?"

"त्यांचा तो अकरा नंबर. पोराला सारखा चौतीस, चौतीस. स्ट्रेचरवर घातलं तेव्हा म्हणतो, चौतीसचा आता एक झाला. टॅवारिस मला विचारतोय, बाई, मी यांचं काय वाकडं केलं? यांना कसं कळलं? सबंध रस्ताभर तेच विचारत होता. मी काय सांगू त्याला? तुला फोनमधलं कळतं. शिवी आहे का ही नवीन?"

"भाव आहे, ताई."

"कशाचा?"

"आपला. म्हणजे सामन्याचा. लोक... घेतात, विकतात. जिंकणार की नाही यावर."

"बरं. आणि तो चौतीस असतो?"

"नसतो. रोज वेगळा. आज सकाळी त्रेसष्ट होता."

"मग चौतीस कधी झाला?"

मी काट्याने भाजी ढवळली.

"कधी झाला, गार्विन?"

"सव्वानऊला."

आर्डिथ शाळेत फार शिकली नाही, पण एकोणतीस वर्षं ती कोणत्या पोराला किती मिनिटं बर्फ लावायचा याचा हिशेब डोक्यात ठेवत आलीय. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"मी मेसेज पाठवला आठ चाळीसला," ती म्हणाली.

मी काटा खाली ठेवला.

"साखळीत त्रेचाळीस जण आहेत. त्यांच्यात जुगार खेळणारं कोणी नाही."

"ते जुगार म्हणत नाहीत, ताई."

"ते म्हणजे कोण?"

"सगळेच. बर्ल. मुख्याध्यापक. ऑर्व्हिलसुद्धा. तुमच्या बायकांच्या मंडळातल्याही असतील, मला माहीत नाही."

"आणि?"

"आणि काय?"

"तू नावं घेताना थांबलास. पुढचं नाव घे."

"मी," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडं फेकलं असतं तरी चाललं असतं, ती फेकते, मला लहानपणापासून माहीत आहे. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, अनोळखी माणूस तिच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखी.

"आधी प्रार्थना केलीस, की आधी विकलंस?"

"ताई..."

"सोपं आहे. आधी काय केलंस?"

"आधी विकलं."

"मग प्रार्थना?"

मी खोटं बोलू शकलो असतो. एका शब्दाचं काम होतं. पण 'नाही' विकत घेतल्यावर माणूस प्रार्थना कशाची करणार? पाय बरा व्हावा अशी, की होऊ नये अशी?

"नाही केली," मी म्हणालो.

ती बराच वेळ अंगठ्यावरचा डिंक नखाने खरवडत होती.

"मी त्याला शब्द दिला होता," ती स्वतःशीच म्हणाली. "कुणाला सांगणार नाही म्हणून. मला वाटलं, हे सांगणं नव्हे."

मग ती उठली, माझ्यापुढचं ताट उचललं, उरलेलं डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावून माझ्यापुढे ठेवलं.

"घरी घेऊन जा. वाया नको."

*

सोमवारी खेळखात्याचे मोठे साहेब, लॅसिटर, यांनी तिला बोलावलं. सोबत विद्यापीठाचा वकील. मी आधीच त्यांच्या दाराशी जाऊन उभा होतो, टोपी हातात घेऊन. माझं नाव तरी सांगायचं असं ठरवून गेलो होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आर्डिथबाई, खेळाडूचं दुखणं बाहेर सांगायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"कोणाला सांगितलंत?"

"देवाला."

"आणखी कोणाला?"

"त्याला सांगताना जे सोबत होते त्यांना."

"त्यांची नावं हवीत. बाजारवाले विचारतायत, विद्यापीठांच्या खेळांची संघटना विचारतेय. यादी दिलीत तर तुमच्यासाठी काही करता येईल. एकोणतीस वर्षं झालीत तुमची."

"प्रार्थनेची यादी मी कोणाला देत नाही."

"त्या पोराचा गुडघा दिलात की," वकील म्हणाला.



"दिला," आर्डिथ म्हणाली. "म्हणूनच पुन्हा काही देणार नाही."

टेबलावर किल्ल्यांचा आवाज झाला. मग तिची पट्ट्या कापायची वाकडी कात्री ठेवल्याचा.

ती बाहेर आली आणि मला पाहून थांबली. "तू इथे काय करतोस?"

"मी सांगतो त्यांना. माझं नाव सांगतो."

"आणि मग? लिनेटच्या डायलिसिसचा विमा तुझ्या नोकरीवर आहे. बायकोला काय सांगशील, माझं मन मोकळं झालं, आता तू मर?" तिने माझ्या हातातली टोपी घेतली आणि माझ्या डोक्यावर ठेवली, थोडी जोरातच. "जा. बॉयलर बघ."

मी आत गेलो नाही. मी बॉयलरच्या खोलीत गेलो आणि एक झडप बदलली, जी बदलायची काही गरज नव्हती.

ज्यांनी विकलं त्यांच्यातल्या एकालाही कोणी काही विचारलं नाही. ज्या बाईने मागितलं, तिची नोकरी गेली. हे लिहायला मला दुसरे शब्द सापडत नाहीत.

बुधवारी ती इस्पितळात गेली. टॅवारिसची आजी मॉन्टगोमेरीहून आली होती, बुटकी, पांढऱ्या केसांची, टोपी घालून चर्चला जाणारी बाई. ती खोलीच्या दारातच उभी राहिली. आर्डिथने काही लपवलं नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं मन वाईट नाही, दिसतंय मला. एक उपकार करा. माझ्या पोरासाठी प्रार्थना करू नका."

आणि तिने दार लावून घेतलं. आवाज न करता, आत कोणी झोपलंय म्हणून लावतात तसं.

हे आर्डिथनेच मला सांगितलं. चार दिवसांत ती माझ्याशी एवढंच बोलली.

*

रविवारी ती चर्चमध्ये येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ती आली. नेहमीच्या बाकावर, डावीकडून तिसऱ्या, बर्लच्या आजोबांच्या खिडकीखाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ती सरकली नाही, पण जवळही आली नाही.

ब्रदर हॉइटना तोपर्यंत कोणीतरी सांगितलं होतं. आठ दिवसांत ते वाळून गेले होते. त्यांनी भजनं नेहमीपेक्षा हळू घेतली. शेवटी वही उघडली आणि विचारलं, "कोणाची काही विनंती?"

एरवी दहा हात वर होतात. कोणाची सासू, कोणाचा मणका, कोणाची गाय. त्या दिवशी कोणी हललं नाही. मग बर्ल उभा राहिला. हा माणूस खरंच उभा राहिला.

"टॅवारिसच्या ऑपरेशनसाठी, ब्रदर. मंगळवारी आहे. पोर आपलंच आहे."

"आमेन," दोनतीन आवाज आले.

"त्याचं नाव नको," आर्डिथ म्हणाली.

ती बसूनच बोलली, मोठ्यानेही नाही. बर्ल वळला. "अगं आर्डिथ, आम्ही फक्त..."

"त्याच्या आजीने सांगितलंय, त्याच्यासाठी इथे प्रार्थना करायची नाही. खाली बस, बर्ल."

तो बसला. बाकाचं लाकूड करकरलं.

ब्रदर हॉइटनी वहीत लिहायला घेतलेलं पहिलं अक्षर खोडलं. "आणखी कोणी?" त्यांनी विचारलं, वहीकडे बघतच.

माझ्या शेजारचा हात वर गेला. वाकलेला अंगठा, त्यावर अजून न निघालेला काळा डिंक.

"बोल, आर्डिथ," ब्रदर हॉइट म्हणाले. त्यांना वाटलं असेल, आता ती नावं घेईल. सगळ्यांनाच वाटलं असेल. 

"मनातली," ती म्हणाली.

ब्रदर हॉइट तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सवयीने म्हटलं, "चला, माना खा..." आणि ते वाक्य पुरं करू शकले नाहीत.

आर्डिथने मान खाली घातली, डोळे मिटले. हात तसाच वर होता.

मी मागे वळून पाहिलं. पुढच्या बाकापासून मागच्या दारापर्यंत सगळे ताठ बसले होते. नजर समोर, हात गुडघ्यांवर, तळवे वर, फोन नाही हे दिसावं असे. चर्च भरलेलं होतं, आणि कोणीही मान खाली घालत नव्हतं.